ताजची कारागिरीही सांगा

ताजमहाल म्हटला की प्रेमकहाणी आणि फोटो, एवढ्यावरच आपली गाडी अडते. दगडातली करामत बघायला सवड कुणाला! कमानीभोवतीच्या आयतींची, म्हणजे कुराणातल्या वचनांची, काळ्या संगमरवरातली अक्षरे वर जाताना मोठी होत जातात, म्हणून खालून ती सारखीच दिसतात. त्या लिहिणाऱ्या अमानत खानाची सही आतल्या मजकुरात आहे. मुमताजच्या कबरीवरच्या फुलांत अकीक, लाजवर्द या रंगीत खड्यांचे इवलेसे तुकडे राजस्थानातल्या मकराण्याच्या पांढऱ्या दगडात असे बसवलेत, की सांधा सापडत नाही. सगळी वास्तू काटेकोर समतोलाची. तो मोडते शेजारची खुद्द शहाजहानची कबर! गाइडांनी किश्शांतली पाच मिनिटे दगडात खडे जडवण्याच्या या पच्चीकारीला द्यावीत.

– एक वाचक, नाशिक