गुळाचा रंग कसला बघता, उसाचं रान विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेंद्रिय खरेदीवरच्या आपल्या लेखात ‘गूळ जितका काळपट, तितका तो सेंद्रिय’ असा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. करवीर तालुक्यात आमचा ऊस आहे. हंगामात पुण्याच्या आठवडे बाजारात आम्ही नवरा-बायको स्वतः गूळ विकतो. तिथंही गिऱ्हाईक गुळाचा रवा (ढेप) हातात घेऊन हेच विचारतं, ‘ताई, याहून काळा नाही का?’

गुळाचा रंग ठरतो तो उसाची जात, जमीन, उसाची पक्वता आणि गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचा हात यांवर. खारपड रानातला गूळ काळपट येतो, चवीला खारट लागतो. काहील (रस उकळायची मोठी कढई) उतरवायला उशीर होऊन पाक करपला तरी गूळ काळाच. असला गूळ ‘सेंद्रिय’ म्हणून चढ्या भावानं खपतो, याचा मला संताप येतो.

पिवळाधमक दिसावा म्हणून गुळात हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पूड टाकतात हे खरं, आणि लोक त्यापासून सावध झाले हे चांगलंच झालं. आम्ही रस भेंडीनं साफ करतो. भेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत चीक सुटतो. तो तापत्या रसात ओतला की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, ती झाऱ्यानं ओढून काढायची. मळी नीट निघाली तर गूळ छान तांबूस-सोनेरी होतो, काळा नाही.

तरीही एवढ्यानं तो सेंद्रिय ठरत नाही. गुऱ्हाळात रसायन पडलं नाही, पण उसाला युरिया घातला, तणनाशक मारलं, तर त्याला सेंद्रिय कसं म्हणायचं? म्हणून रानाची चौकशी करा. पुडा असेल तर सेंद्रिय मालाचं सरकारमान्य चिन्ह पाहा: ‘जैविक भारत’, ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस’ (शेतकरी-गटांच्या प्रमाणपत्राचं). नुसतं हिरवं पान आणि ‘नॅचरल’ छापलं असेल तर त्यावर जाऊ नका. सुट्टा रवा घेताना प्रमाणपत्र मागा, त्यावरची मुदत वाचा. पीजीएसमध्ये गटातले शेतकरीच एकमेकांच्या रानात येऊन पाहणी करतात. शेजारचा फवारा उडून येऊ नये म्हणून बांधाकडं पट्टी सोडली का, खताची नोंदवही भरली का, सगळं बघतात. जमीन रासायनिकवरून सेंद्रियवर पालटत असते त्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ मिळतं, पुरती पालटली की ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. या मधल्या वर्षांत पिकाचा उतारा घटतो आणि भाव मात्र पुरता मिळत नाही. ग्रीनवाल्याकडूनही जरूर घ्या, त्याला तेव्हाच आधार लागतो.

वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल, तर कायद्यानं त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त ‘जैविक भारत’चं चिन्ह त्याला लावता येत नाही. म्हणजे कागद नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याला खत कुठलं घालता, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली तर काय करता, रान बघायला येऊ का, असं विचारा. स्वतः राबणारा माणूस तासभर सांगत बसेल.

आठवडे बाजार भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘सेंद्रिय’ असा फलक लावणाऱ्या प्रत्येक गाळ्यावर प्रमाणपत्राची प्रत, नाहीतर गावाचं नाव आणि जमिनीचा गट क्रमांक लावायला सांगा. आमच्या गाळ्यावर तो आजही आहे. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतील, त्याआधी हे व्हावं.

– एक ऊस उत्पादक शेतकरी महिला, ता. करवीर, जि. कोल्हापूर