जबाबदारी आमची, सातबारा तुमचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या ग्रामसभेत दर उन्हाळ्यात कुणीतरी ज्येष्ठ उठून म्हणतातच, “आम्ही आमचं केलं, आता पाणी टिकवायचं काम तुम्हा पोरांचं.” मग श्रमदानाची टिकाव-फावडी आमच्या हातात. खणायला आमची ना नाही. पण पाणी जातं कुठं, ते ठरवणारे आम्ही नाही.

आजोबांनी 72 च्या दुष्काळानंतर विहीर पाडली, तेव्हा 45 फुटांवर पाणी लागलं. वडिलांच्या काळात ऊस आला आणि पाठोपाठ बोअर. गेल्या वर्षी साडेसातशे फूट गेलो. पाणी शोधून देणाऱ्या पानाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला होता म्हणे! रात्री दोनपर्यंत गाडी घरघरत होती, वर आला तो नुसता फुफाटा. बोअर घ्यायचं ठरवलं वडिलांनी, हप्ते फेडतोय भाऊ.

शेतीसाठी 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल जायला 2009 च्या भूजल कायद्यानं मनाई आहे. गावात तो कुणाला आठवत नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा मी शाळेत होते. पुढं पाऊस बरा झाला आणि आमच्या शिवारात ऊस परत उभा राहिला.

ऊस मोडून तूर-सोयाबीन लावू, असं भाऊ दोन वर्षं म्हणतोय. वडील म्हणतात, “उसाला एफआरपीचा ठरलेला किमान दर तरी आहे, सोयाबीनला हमीभाव तरी मिळतो का?” त्यांचंही खोटं नाही. पण मग निदान ठिबक करू म्हटलं, तर अनुदानाच्या अर्जाला जमीन स्वतःच्या नावावर लागते, आणि सातबारा वडिलांच्या नावावर. कारखान्याचे सभासदही तेच. पस्तिशीला आलेला भाऊ कागदोपत्री त्या रानाचा कुणीच नाही.

हिवरे बाजार या गावात दरवर्षी ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवते. आमच्याकडेही मांडा. मात्र त्या दिवशी समोर सातबारावाले बसू द्या, आणि कोण किती ऊस कमी करणार, कुणाचा बोअर बंद राहणार, हे त्यांच्या सहीनं लिहून घ्या. पोरांवरच सोपवायचं असेल, तर आधी तहसीलला जाऊन वाटणी करून पोरांची नावं लावा. माझं नाव तिथं हक्कसोडपत्रावर सहीपुरतंच निघेल, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

– एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर