नागरिकत्व आपोआप संपवणारे कलम बदलावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुहेरी नागरिकत्वाच्या मागणीवर आपल्या दैनिकात अलीकडे उलटसुलट पत्रे प्रसिद्ध झाली. हा अमेरिका-कॅनडात स्थिरावलेल्या शहरी सुखवस्तूंचा प्रश्न आहे, गावखेड्याला त्याचे काय, असा त्यांतील बहुतेकांचा सूर होता. तालुक्याच्या न्यायालयात वारसाहक्काची आणि वाटणीची कामे पाहणाऱ्या मला तो पटत नाही. आमच्या या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातली मुलेमुली पुणे, हैदराबाद करत परदेशी पोहोचली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. त्यांचे आईवडील आणि वडिलोपार्जित वावरे मात्र इथेच आहेत.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही, म्हणून ‘घटनाच आड येते’ असे सांगून पुष्कळदा चर्चा मिटवली जाते. वास्तविक हा अनुच्छेद घटना अमलात येण्यापूर्वी घेतलेल्या परदेशी नागरिकत्वापुरता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने इझहार अहमद खान प्रकरणात १९६२ मध्येच स्पष्ट केले. फाळणीच्या धामधुमीत कोण कुठला, याचा निवाडा करण्यासाठी घटनेच्या या भागातील बऱ्याच तरतुदी केलेल्या होत्या. पुढचे सारे अनुच्छेद ११ ने संसदेवर सोपवले. आज आड येते ते नागरिकत्व अधिनियम, १९५५ चे कलम ९, आणि ते बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही.

हे कलम आपोआप लागू होते. ना नोटीस, ना सुनावणी, ना आदेश. परदेशात नागरिकत्वाची शपथ झाली की त्याच घडीला इथले नागरिकत्व संपते. वाद उपस्थित झालाच तर निर्णय केंद्र सरकार देते, आणि त्यासाठीच्या नियमांनी परदेशी पासपोर्ट मिळवणे हाच निर्णायक पुरावा मानला आहे. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत न करता जवळ ठेवणे हा गुन्हा ठरतो, ही गोष्ट पुष्कळांना दंड भरतानाच कळते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. एवढ्या माणसांच्या बाबतीत कायदा एकच गृहीत धरून चालतो, की ज्याने तिकडची शपथ घेतली त्याने इकडची नाळ तोडली.

प्रत्यक्षात काय घडते याचे एक उदाहरण देतो. एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने वारस नोंदीचा अर्ज केला. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी कॅनडाची नागरिक. परदेशी बाईचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही, असे त्यांना तोंडी सांगण्यात आले आणि तिचे नाव वगळून फेरफार लिहिला गेला. मृत्यूचा दाखला, आठ-अ चा उतारा आणि मुलीच्या ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची भारताने केलेली नोंदणी) पुस्तकाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या माउली माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “पोरगी परकी झाली, तं बापाच्या वावरातूनबी गेली का?”

ती गेलेली नाही. ओसीआय कार्डधारकाला किंवा अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसाहक्काने ती मिळू शकते. विकायची झाल्यास मात्र भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. हरकत नोंदवली, मंडळ अधिकाऱ्यांपुढे नियम दाखवला आणि नाव चढले. पटवारी मंडळींना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हा नियम ज्याच्याखाली येतो तो परकीय चलनाचा कायदा तलाठी दप्तरात कोणी शिकवत नाही. दुहेरी नागरिकत्वाच्या समर्थकांना मात्र इथे एक सांगितले पाहिजे. शेतजमीन खरेदीची बंदी परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही लागू आहे, म्हणजे तिथे पासपोर्टाइतकेच वास्तव्यही पाहिले जाते. शिवाय विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे आणि तो बिगर-शेतकऱ्याच्या खरेदीला आडकाठी घालतोच. तेव्हा उद्या दोन पासपोर्ट मिळाले म्हणून परदेशात बसून संत्र्याची बाग घेता येईल, हा भ्रम कोणी बाळगू नये.

मग कलम ९ ने बिघडते काय? जमिनीपेक्षा जास्त बिघडते ते मुलांचे. परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय नागरिक असतील आणि वर्षभरात वकिलातीत नोंद झाली, तर ते मूल भारतीय ठरते. त्याच्यापाशी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसावा, एवढे पालकांनी लिहून द्यावे लागते. जन्माने त्याला तिथलेही नागरिकत्व मिळाले असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते सोडावे, अन्यथा भारताचे जाते, असे कलम ४ सांगते. म्हणजे साडेअठरा वर्षांपर्यंत दुहेरी नागरिकत्व आपल्याच कायद्याने चालवून घेतले आहे आणि त्यामुळे देशावर आभाळ कोसळलेले नाही.

याउलट आईवडिलांनी आधी परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर मुलाची वाट जवळपास बंद होते. कलम ८ खाली ज्यांनी रीतसर घोषणा करून नागरिकत्वाचा त्याग केला, त्यांच्या मुलांना सज्ञान झाल्यावर वर्षभरात ते परत मिळवता येते. पण ज्यांचे नागरिकत्व कलम ९ ने आपोआप गेले, त्यांच्या मुलांना ही सवलत नाही. सिंगापूरमध्ये जन्मलेल्या एका तरुणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेच सांगितले आणि आजी-आजोबा अविभाजित भारतात जन्मले होते, हा त्याचा आधारही अमान्य केला. न्यायालयाचा दोष नाही, शब्द स्पष्ट असताना ते दुसरे काय करणार? परंतु घोषणेचा कागद आधी भरला की परदेशी शपथ आधी झाली, एवढ्या फरकावर पुढच्या पिढीचा हक्क टांगून ठेवणे हे विधिमंडळी शहाणपणाचे लक्षण नव्हे.

ओसीआय आहे ना, असे यावर म्हटले जाते. अटलबिहारी वाजपेयींनी जानेवारी २००३ च्या पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली होती. त्याआधी लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीने तशी शिफारस केलेली होती. हाती आली ती ओसीआय योजना; आधी सोळा देशांपुरती, २००५ च्या दुरुस्तीने पाकिस्तान व बांगलादेश वगळून सर्वांसाठी. आयुष्यभराचा व्हिसा म्हणून ती उत्तमच आहे. पण तिच्यात मताधिकार नाही, घटनात्मक पद नाही, सरकारी नोकरी नाही, आणि मार्च २०२१ च्या अधिसूचनेने संशोधन, पत्रकारिता अशा कामांनाही विशेष परवानगी लागू केली. मुख्य म्हणजे ती नोंदणी कलम ७-ड खाली रद्द होऊ शकते. तिचे हक्क सरकार अधिसूचनेने देते आणि अधिसूचनेनेच कमी करते. कायमचे परत यायचे असेल तर ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद आणि त्यात बारा महिने भारतात वास्तव्य झाल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, परंतु मग तिकडचे सोडावे लागते. म्हातारपणी तिकडची पेन्शन व औषधोपचार आणि इकडचे घर, यांतले एक निवडा, असे सांगणारा हा कायदा आहे.

निष्ठेचा मुद्दा मी हलका मानत नाही. परंतु परदेशी नागरिकत्व लोक घेतात ते निष्ठा बदलली म्हणूनच असते, असे नाही. व्हिसावर काम करणारा मुलगा वडिलांच्या अखेरच्या आजारपणातही यायला कचरतो, कारण परतताना वकिलातीचा शिक्का मिळेल की नाही याची त्याला खात्री नसते. तिकडचा पासपोर्ट हाती आला की तो वर्षातून दोनदा गावी येऊ लागतो. ज्या कागदामुळे त्याचे येणे सोपे झाले, त्याच कागदाने तो कायद्याच्या लेखी परका ठरला! आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नॉटेबोम प्रकरणात १९५५ मध्ये नागरिकत्वाच्या मुळाशी प्रत्यक्ष जिवंत संबंध असावा, केवळ कागद नव्हे, असे म्हटले होते. तो निकष लावला तर वडिलोपार्जित जमिनीचा वारस असलेल्या माणसाचे या मातीशी नाते सिद्ध करायला वकील लागणार नाही.

एका माणसाला एकच राष्ट्रीयत्व असावे, हे तत्त्व १९३० च्या हेग कराराच्या प्रस्तावनेत आहे. जग मात्र त्यापासून दूर गेले आहे. कॅनडाने १९७७ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००२ मध्ये आणि जर्मनीने २७ जून २०२४ पासून ही बंदी उठवली. चीन, जपान, सिंगापूर अजून उठवायला तयार नाहीत, हेही खरे. आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. आपल्या कलम ९ सारखीच तिथेही परदेशी नागरिकत्व घेताच आपले आपोआप संपवणारी तरतूद होती. तिथल्या घटना न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली.

मताधिकाराला मात्र माझा विरोध आहे. पीकविम्याचा निर्णय ज्याच्या ताटावर परिणाम करीत नाही, त्याने दोन समुद्रांपलीकडून आमचा आमदार निवडू नये. उमेदवारीचा तर प्रश्नच नको: ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये उपपंतप्रधान बार्नाबी जॉइस यांना वडिलांकडून आपसूक आलेल्या न्यूझीलंडच्या नागरिकत्वापायी संसदेची जागा गमवावी लागली, आणि तो दंडक योग्यच आहे. मताधिकार नको म्हणून नागरिकत्वच नको, हा निष्कर्ष यातून निघत नाही; दोन्ही गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवता येतात.

म्हणून विदर्भातील खासदारांना माझी विनंती आहे, की त्यांच्यापैकी कोणी या विषयावर खासगी विधेयक मांडावे. कलम ९ ला पुढील आशयाचे परंतुक जोडले तरी पुरेसे आहे: ‘परंतु परदेशी नागरिकत्व घेण्यापूर्वी ज्या व्यक्तीने विहित नमुन्यात अर्ज करून केंद्र सरकारची परवानगी मिळवली असेल, तिचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येणार नाही, मात्र परदेशी नागरिकत्व असेपर्यंत तिला मतदान करता येणार नाही, निवडणूक लढवता येणार नाही व घटनात्मक पद धारण करता येणार नाही, आणि अशी परवानगी नसल्यामुळे ज्यांचे नागरिकत्व गेले, त्यांच्या अज्ञान मुलांना सज्ञान झाल्यापासून पाच वर्षांच्या आत ते परत मिळवता येईल.’

आपला,
एक वकील वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ