पावत्या कपाटातच असू द्या

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा तीनदा म्हणाले, "तू काळजी करू नकोस, आम्ही बघतो." या वाक्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. माझ्या कोर्सच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात आणि आठवड्याभरात मुदत ठेव मोडली होती. मला ते कळलं दोन वर्षांनी, तेही पासबुक चुकून हाती लागलं म्हणून. यावेळी म्हणूनच पत्र लिहितेय. फोनवर बाबा विषय बदलतात, आईचा आवाज कातर होतो, आणि मुद्दा राहूनच जातो.

धाकट्याने स्पोर्ट्स मॅनेजमेंट, म्हणजे खेळांचं व्यवस्थापन, हा विषय निवडला याला माझा विरोध नाही, हे आधी सांगते. विरोध आहे तो त्यासाठी ठेवी मोडून त्याला त्या महागड्या कॉलेजात घालायला. आई, तू त्याला विचारलंस, "स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणजे शिट्टी वाजवायची का रे?" त्याला राग आला, पण या कामाबद्दल एका मोठ्या माणसालाही प्रश्न पडला होता. १९५७ साली वॉल्टर ओ'मॅली या अमेरिकन बेसबॉल संघाच्या मालकाने जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारलं, की स्टेडियम, रेसकोर्स, सभागृहं चालवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस हवा असेल तर शोधायचा कुठे? त्या प्रश्नातून पुढे १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात या विषयाचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे ही विद्याशाखा जन्मली तीच एका पत्रातून! आणि तो अभ्यासक्रम पदव्युत्तर होता, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या विषयात तिकीटविक्री, प्रायोजक, प्रक्षेपणाचे हक्क, खेळाडूंचे करार, मैदानाची देखभाल, विमा, गर्दीची सुरक्षा असं सगळं येतं. शिट्टी तेवढी येत नाही.

बाबा, हिशेबाचं उदाहरण तुम्हाला आवडेल म्हणून देते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं. पूर्ण तीस वर्षं! आठच वर्षांनी, १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसने तीच स्पर्धा भरवली आणि वीस कोटी डॉलरहून जास्त पैसे शिल्लक पाडले. त्यांनी १९३२ च्या ऑलिम्पिकचं जुनं स्टेडियमच पुन्हा वापरलं, खेळाडूंची सोय विद्यापीठांच्या वसतिगृहांत केली, प्रायोजक मोजकेच घेतले पण त्यांच्याकडून भरघोस रक्कम घेतली. या आयोजनाचे प्रमुख पीटर युबरॉथ. त्यांचा मूळ धंदा प्रवास कंपनीचा आणि पदवी एका सरकारी विद्यापीठातली, व्यवसाय विषयातली. असलेल्यावर भागवणं तुम्ही दोघांनी जन्मभर केलंय, त्यामुळे यात नवल वाटायला नको.

आता त्या चकचकीत कॉलेजबद्दल. मी त्यांच्या कार्यालयात फोन केला होता. ब्रोशरवर छापलेली फी एका वर्षाची आहे. वसतिगृह वेगळं, 'गणवेश व किट' वेगळं आणि दुसऱ्या वर्षी परदेश दौरा सक्तीचा, त्याचे पैसे आणखी वेगळे. शिष्यवृत्ती आहे, पण ती पहिल्या वर्षापुरती. पुढे ठरावीक टक्केवारी टिकवली नाही तर बंद. मी विचारलं, मागच्या तुकडीतल्या किती मुलांना नोकरी लागली आणि कोणत्या पदावर? समोरची मुलगी म्हणाली, "आमचं प्लेसमेंट उत्तम आहे, मॅडम." आकडा विचारला, तर म्हणाली ईमेल करा. केला. उत्तर अजून यायचंय.

माझी खरी भीती मात्र वेगळीच आहे. खेळाच्या क्षेत्रात काम करायची हौस असलेले लोक पुष्कळ आणि जागा थोड्या. त्यामुळे सुरुवातीला पगार कमी मिळतो, काही इंटर्नशिप तर बिनपगारी असतात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकला सुमारे सत्तर हजार स्वयंसेवक राबले. लोक फुकटही हौसेने येतात, तिथे नवख्याला कोण घसघशीत पैसे मोजणार? धाकट्याची पहिली दोन-तीन वर्षं अशीच जाणार. त्या काळात डोक्यावर कर्जाचा हप्ता असेल तर आवडीचं काम सोडून तो मिळेल ती नोकरी धरेल. मी हेच केलं. माझा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला आणि शिकलेल्या विषयात मी एक दिवसही काम केलेलं नाही. तुम्हाला हे कधी बोलले नव्हते.

म्हणून माझं मत सरळ आहे. त्याने घरी राहून सरकारी कॉलेजात वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी घ्यावी. हिशेब, करार कायदा, सांख्यिकी, मार्केटिंग हे सगळं तिथेही शिकवतात. सुट्टीत आणि शनिवार-रविवारी क्लबमध्ये, स्पर्धांमध्ये काम करावं. खेळाची खास पदवी हवीच असेल तर नंतर पदव्युत्तर करता येते, स्वतःच्या कमाईतून किंवा निदान स्वतःला नक्की काय हवंय ते कळल्यावर. स्वस्त म्हणून काहीही घ्या, असंही मी म्हणत नाही. त्याने घरबसल्या करायचा एक कोर्स शोधला होता, अगदी नाममात्र फीचा. त्या पदवीला विद्यापीठाची मान्यताच नव्हती. तो मीच रद्द करायला लावला.

साध्या कॉलेजात ओळखी मिळत नाहीत, हा बाबांचा मुद्दा मला पटतो. त्याला स्वतः दारं ठोठवावी लागतील आणि तो बुजरा आहे. पण मागच्या वर्षीची क्लबची स्पर्धा आठवते? सोळा संघ, पंधरा सामने आणि पहिल्याच दिवशी पावसाने मैदानाचं तळं केलं. त्याने रात्रभर बसून वेळापत्रक नव्याने मांडलं, सोळाही कप्तानांना स्वतः फोन केले आणि स्पर्धा ठरल्या दिवशीच संपवली. तो काय शिकतोय हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या आयोजकांकडून त्याने दोन ओळींचं पत्र लिहून घ्यावं, असं मी त्याला सांगितलंय. अजून घेतलेलं नाही, आई, तू मागे लाग.

आणि बाबा, डोळ्याचं ऑपरेशन 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून का ढकललंत, ते मला कळलंय. तारीख घ्या. त्या ठेवी त्यासाठीच होत्या.

शनिवारी मी येतेय. फॉर्मची मुदत पुढच्या आठवड्यापर्यंत आहे, आपण चौघं बसून भरू. तोवर बँकेत जाऊ नका. ठेवींच्या पावत्या बाहेर काढल्या असतील, तर परत कपाटात ठेवा.

तुमची,
ताई
(धाकट्याने सवय लावली, आता हेच लिहिलं जातं.)