प्यूमाचे माप पारखायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर प्रणाम.

माझा प्रबंध विद्यापीठाकडे सुपूर्द झाला. त्याच्या ऋणनिर्देशात, इतर अनेकांच्या रांगेत, तुमचा उल्लेख एका ओळीत आला आहे. ती ओळ मला फार अपुरी वाटते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम भागात प्यूमाची, म्हणजे तिथल्या पहाडी सिंहाची, शिकार कशी होते, आणि बंदूक खांद्याला लावण्यापूर्वी समोरचे जनावर नर की मादी, कोणत्या वयाचे आणि केवढे हे कसे ओळखायचे, याचे जे शिक्षण तुम्ही मला दिलेत ते कोणत्याही वर्गात मिळाले नसते. म्हणून हे पत्र आपल्या भाषेत आणि सर्वांसमोर लिहीत आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे तुमचे नाव मात्र त्यात घालत नाही.

मी जुन्नर तालुक्यातली. उसात वाढलेले बिबटे आमच्या घरामागून जात, आणि दुसऱ्या दिवशी गावात त्या बिबट्याची उंची ज्याने पाहिला त्याच्या भीतीप्रमाणे वाढत जाई. अशा गावातून आलेल्या मुलीला तुम्ही पहिल्याच भेटीत जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे : डोळ्यांना दिसलेल्या आकारावर विश्वास ठेवू नकोस, एकेक खूण बघ आणि मग बोल. शिकारीबद्दल मी त्या दिवशी तुम्हांला बरेच खोचक प्रश्न विचारले होते. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्याच वातावरणात मी वाढले, आणि ज्या प्राण्याचा आपण अभ्यास करतो त्याला परवाना काढून मारता येते हे पचवणे मला जड गेले होते. तुम्ही माझ्याशी वाद घातला नाहीत. काकूंनी केलेले थालीपीठ पुढे सरकवलेत आणि स्टीलची एक छोटी मोजपट्टी माझ्या हातात ठेवलीत. ती अजून माझ्या जाकिटाच्या खिशात असते.

मराठी वाचकांना ही शिकार कशी चालते याची कल्पना नसेल, म्हणून थोडे सांगते. कोलोरॅडोत 1965 पर्यंत प्यूमा मारणाऱ्याला बक्षीस मिळे. त्या वर्षी त्याला शिकारीचा प्राणी म्हणून कायद्याने दर्जा दिला गेला आणि तेव्हापासून त्याला हंगाम, परवाना आणि मर्यादा आल्या. राज्याच्या वन्यजीव विभागाच्या अंदाजाने येथे 3,800 ते 4,400 स्वतंत्र, म्हणजे आईपासून वेगळे झालेले, प्यूमे आहेत आणि वर्षाला साधारण 500 मारले जातात. परवाना घेण्यापूर्वी खास अभ्यासक्रम पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेचा गाभा हाच असतो की नर आणि मादी यांतला फरक तुम्हांला ओळखता येतो की नाही. पिल्लू मारणे किंवा पिल्लांसोबत असलेली मादी मारणे हा गुन्हा आहे. 2024 च्या नोव्हेंबरात ही शिकार पूर्ण बंद करावी का, यावर राज्यात मतदान झाले आणि सुमारे 55 टक्के मतदारांनी बंदी नाकारली. त्या आठवड्यांत दोन्ही बाजूंनी खूप कडवट बोलले गेले. तुमच्या घरी मात्र मी एकदाही कोणाचा उपमर्द ऐकला नाही, याची मला आजही आठवण होते.

शिकार मुख्यतः ताज्या बर्फावर होते. रात्री बर्फ पडले की पहाटे जुन्या खाणरस्त्यांनी गाडी हळूहळू चालवत रस्ता ओलांडून गेलेला माग शोधायचा, आणि तो हवा तसा असेल तरच कुत्रे सोडायचे. माझ्या मते सगळे कौशल्य या "हवा तसा असेल तरच" मध्ये आहे. तुमचे शेजारी कुत्र्यांना गाडीत आवरून धरीत आणि तुम्ही मला मागाजवळ गुडघ्यांवर बसवीत. प्रथम, हा प्यूमाच आहे ना : नखांचे ओरखडे नसलेला ठसा, लांबीपेक्षा रुंदी जास्त, बोटे थेंबाच्या आकाराची, आणि तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. मग मागच्या पायाचा ठसा शोधायचा. पुढचा पंजा मोठा असतो आणि तो पाहून माणसे हुरळतात, हे तुम्ही मला कितीदा सांगितलेत! मागच्या पायाच्या गादीची रुंदी दोन इंचांहून स्पष्टपणे जास्त असेल तर बहुधा नर, कमी असेल तर मादी किंवा वाढत्या वयाचे जनावर. सपाट जागी एका पावलापासून त्याच पायाच्या पुढच्या पावलापर्यंतची ढांग 40 इंचांच्या पुढे गेली, तर नराच्या बाजूचा पुरावा बळावतो. पण उतारावर ढांग खोटे बोलते, आणि ऊन लागलेला ठसा कडेने वितळून तासाभरात मांजरीचा वाघ करतो. म्हणून तुम्ही झाडाच्या सावलीतलाच ठसा मोजायला लावीत, आणि एका ठशावर कधी निर्णय घेऊ देत नसत. मोठ्या मागाच्या आजूबाजूला लहान ठसे आहेत का, हे पाहण्यासाठी आपण मागावरून उलट दिशेनेही बराच चालत असू. तरुण शिकाऱ्यांना या उलट चालण्याचा कंटाळा येतो. मला तेच सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

कारण मादी पिल्लांना नेहमी बरोबर घेऊन फिरत नाही. प्यूमाच्या मादीला वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पिल्ले होऊ शकतात, बहुतेक उन्हाळ्यात होतात, आणि ती वर्षभर, कधी दीड वर्षापर्यंत, तिच्यावर अवलंबून असतात. पिल्ले लहान असताना मादी त्यांना खडकांच्या कपारीत किंवा दाट झुडपात ठेवून हरणाच्या शोधात जाते. बर्फावर त्या रात्री फक्त तिचा एकटीचा माग उमटतो. ती मारली गेली तर कायद्याच्या कागदावर काहीच चूक दिसत नाही, आणि कपारीतली पिल्ले उपाशी मरतात.

या संदर्भात त्या पिन्यॉनच्या (बुटक्या पाइनच्या) झाडाखालची सकाळ मी इथे नोंदवून ठेवते, कारण माझ्या प्रबंधाच्या एका संपूर्ण प्रकरणाचे बीज तिथे पडले. माग सीमारेषेवरचा होता, गादी दोन इंचांच्या जवळपास. कुत्र्यांनी तासाभरात जनावर झाडावर चढवले. आमच्याबरोबर ज्यांचा परवाना होता त्या गृहस्थांना ते प्रचंड वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत होते. फांदीवर दबून बसलेला, कान मागे टाकलेला, केस फुललेला प्यूमा खालून पाहणाऱ्याला नेहमीच मोठा दिसतो. तुम्ही सर्वांना मागे घेतलेत, कुत्रे दूर बांधायला लावलेत आणि दुर्बीण माझ्याकडे दिलीत. नराच्या गुदद्वाराच्या खाली चार-पाच इंचांवर, मागच्या पायांच्या मध्ये, रुपयाएवढा काळ्या केसांचा ठिपका असतो. तो शोध, म्हणालात. जनावर हलेपर्यंत आपण झाडाभोवती फिरत राहिलो. ते एकदा वळले, शेपूट बाजूला गेले, आणि तिथे फिकट केसांशिवाय काही नव्हते. मग तुम्ही पोटाकडे बघायला सांगितलेत. स्तनाग्रांभोवतीचे केस झिजलेले आणि टोके काळसर झालेली होती. म्हणजे तिने पूर्वी पिल्लांना पाजले होते, आणि कदाचित अजूनही पाजत होती. तुम्ही त्या गृहस्थांना फक्त "मादी आहे, पाजलेली आहे" एवढेच सांगितलेत. त्यांनी बंदूक पाठीला लावली. कुत्र्यांना साखळीने ओढत आपण खाली उतरलो आणि ती फांदीवरून आपल्याला जाताना पाहत राहिली.

आकाराविषयी तुम्ही माझे जे गैरसमज दूर केलेत, त्यांतला सर्वांत मोठा वजनाचा. चहाच्या दुकानात ऐकू येणारे 200 पौंडांचे प्यूमे तराजूवर क्वचितच टिकतात. प्रौढ नर साधारण 130 ते 150 पौंड, म्हणजे 60 ते 68 किलो भरतो, मादी 80 ते 100 पौंड. हरणावर पोटभर ताव मारलेले जनावर त्याच दिवशी काही पौंड जास्त भरते, हेही विसरायचे नाही. खरोखर मोठा नर डोक्यावरून ओळखावा, असे तुम्ही शिकवलेत : रुंद, चौकोनी डोके, एकमेकांपासून दूर आणि त्या डोक्यावर लहान दिसणारे कान, जाड मान, आणि जमिनीपासून पोटापर्यंतची जागा कमी भासावी एवढी खोल छाती. तरुण नराचे कान मोठे दिसतात, पाय लांब दिसतात आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला पिल्लूपणीच्या काळ्या पट्ट्यांच्या पुसट खुणा बराच काळ राहतात. लांबीचेही तसेच. नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सात ते आठ फूट असतो, पण त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा शेपटीचा. सोलून ताणलेले कातडे मोजून सांगितलेली लांबी ही जनावराची लांबी नव्हेच. आपल्याकडे इंग्रजी अमदानीतल्या शिकाऱ्यांतही वाघाचे माप दोन खुंट्यांमध्ये सरळ घ्यावे की टेप अंगावरून वळवत घ्यावा, यावर मोठे वाद होत, आणि दुसऱ्या पद्धतीने प्रत्येक वाघ सहज काही इंचांनी वाढे. तुम्ही हा इतिहास मला कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला बसून सांगितलात याचे मला फार अप्रूप वाटले होते.

कोलोरॅडोतल्याच मीकर गावाला आपण गेलो होतो तेही मापाच्या या प्रश्नासाठीच. 1901 च्या जानेवारी-फेब्रुवारीत थिओडोर रूझवेल्ट, अमेरिकेच्या उपाध्यक्षपदावर निवडून आलेले पण पदभार न घेतलेले, तिथे जॉन गॉफ या वाटाड्याबरोबर प्यूमाच्या शिकारीला आले होते. त्यांनी मारलेल्या प्रत्येक जनावराचे वजन आणि लांबी काळजीपूर्वक लिहून ठेवली आणि कवट्या वॉशिंग्टनला प्राणिशास्त्रज्ञ हार्ट मेरियम यांच्याकडे पाठवल्या. त्यांतला सर्वांत मोठा नर आठ फूट लांब आणि 227 पौंड वजनाचा होता. पुढे शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लब या अमेरिकन संस्थेने कवटीच्या मापाची पद्धत ठरवली, कारण वजन खोटे सांगता येते, कातडे ताणता येते, पण वाळलेले हाड ताणता येत नाही. कवटी 60 दिवस वाळवायची, मग तिची जास्तीत जास्त लांबी आणि रुंदी कॅलिपरने मोजून बेरीज करायची. क्लबच्या सर्वकालीन नोंदीत येण्यासाठी ती 15 इंच लागते. रूझवेल्टांच्या नराची बेरीज पाऊण इंचाने जास्त, 15 12/16 इंच आहे. सव्वाशे वर्षांनंतरही ती कवटी आपण निर्धास्तपणे इतरांशी ताडून पाहू शकतो, कारण एका माणसाने नीट मोजून नीट नोंदवले.

मोठ्या नराच्या या मोहाबद्दल तुमचे आणि माझे पूर्ण एकमत झाले नाही, आणि तुम्ही मला ते मोकळेपणाने मांडू दिलेत, याबद्दलही आभार मानते. वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासांत असे दिसले की जास्त शिकार झालेल्या भागात स्थिर नर गेल्यावर बाहेरून तरुण नर येऊन जागा भरतात, एकूण संख्या फारशी घटत नाही, पण वयाची घडी विस्कटते. म्हणूनच त्या राज्याने 2013 मध्ये शिकारीची मर्यादा प्यूमांच्या संख्येच्या 12 ते 16 टक्क्यांच्या आसपास बांधली. मला वाटते, मादी वाचवण्याइतकाच प्रौढ नर जागेवर राहू देण्याचाही विचार शिकाऱ्याने करावा. तुमचे म्हणणे होते की ज्याला नराचे वय झाडाखाली उभे राहून सांगता येते, तोच तो विचार करू शकतो. यावर मला अजून चोख उत्तर सापडलेले नाही.

माझ्या आकडेवारीचा मोठा भाग तपासणी केंद्रावरून आला, आणि तिथलाही रस्ता तुम्हीच दाखवलात. प्यूमा मारल्यावर 48 तासांत कळवावे लागते आणि पाच दिवसांत कातडे व कवटी, न गोठलेल्या अवस्थेत, अधिकाऱ्यासमोर न्यावी लागतात. ते एक लहान उपदाढ काढून घेतात आणि तिच्या मुळाचा पातळ छेद घेऊन त्यावरच्या थरांवरून वय ठरवतात. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कवटीचा सुळा मी तुम्ही दाखवल्याप्रमाणे पाहिला : हिरडी सुळ्यावरून किती मागे सरली आहे, टोक झिजले आहे का, पिवळेपणा किती. जिवंत, गुंगीतल्या जनावराचे वय असेच अंदाजतात. या बाबतीत मॉरिस हॉर्नॉकर यांनी 1964 मध्ये आयडाहोच्या दुर्गम दऱ्यांत सुरू केलेले काम तुम्ही मला पुनःपुन्हा वाचायला लावलेत. विल्बर वाइल्स या जाणत्या शिकाऱ्याच्या कुत्र्यांनी प्यूमे झाडावर चढवायचे आणि त्यांना गुंगी देऊन, मोजून, खूण करून सोडून द्यायचे. प्यूमाविषयीच्या आजच्या ज्ञानाचा पाया त्या दोघांच्या पायपिटीत आहे. तुमच्या शेजाऱ्यांचे कुत्रेही अशाच, अभ्यासासाठी प्यूमांना माग ठेवणारी कॉलर लावण्याच्या कामाला हिवाळ्यात उपयोगी पडतात, हे लोकांना ठाऊक व्हावे असे मला वाटते.

प्रबंधाची बांधीव प्रत टपालाने पाठवली आहे. चौथ्या प्रकरणातला गादीच्या रुंदीचा तक्ता तुम्ही एकदा स्वतः नजरेखालून घालावा. दोन इंचांच्या आसपासच्या नोंदींबद्दल तुमचे मत मला हवे आहे. पुढच्या महिन्यात मी जुन्नरला जाते आहे आणि वन विभागातल्या ओळखीच्या मंडळींना ठसे मोजण्याची ही रीत, बिबट्याला लागू पडेल तेवढी, दाखवणार आहे. काकूंना माझा नमस्कार सांगावा. त्यांच्या गुडघ्याचे कसे आहे ते कळवावे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी