गुलमंडीतल्या टेलर चाचांना मनापासून थँक्यू

आमच्या कॉलेजच्या पॉडकास्टचा हिमरूवरचा, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या सुती-रेशमी विणीच्या कापडावरचा, एपिसोड बुडायलाच आला होता, विणकर आजोबा एवढ्या लांबून आलेले आणि जी रूम मिळणार होती तिला कुलूप, बाहेर नुसते हॉर्न आणि वरातीचा डीजे. तेवढ्यात गुलमंडीतल्या एका टेलर चाचांनी स्वतःहून हाक मारली, "आत या बेटा." ऐन मे महिन्यात पंखा बंद केला, मशीन थांबवली, आवाज घुमतोय म्हटल्यावर शर्टिंगचे तागे माइकभोवती रचून दिले, गिऱ्हाईक आलं की ओठावर बोट ठेवून खुणेनंच बसवायचे! म्हणून तर आजोबांनी उभा ताणा सुती अन् आडवा बाणा रेशमी कसा ते एकदम निवांत सांगितलं. लग्नसराईत धंदा थांबवणं सोपं नसतं हो. चाचा, एपिसोड आलाय, दुकानात येऊन ऐकवतो.