नानांची गोळी थांबवायची नाही

ती. आई व नाना यांस,
सा. न. वि. वि.

रक्तात हिपॅटायटिस बीचा व्हायरस सापडला नाही, असा रिपोर्ट आला म्हणून नाना गोळी सोडायचं म्हणताहेत. तसं करू नका.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्याच पेशीत शिरतो, कारण पित्तक्षार आत ओढणारं जे प्रथिन त्याला दार म्हणून लागतं, ते तिथेच असतं. पेशीच्या केंद्रकात त्याच्या डीएनएचं बंद कडं तयार होतं. कड्यावरून आरएनए, म्हणजे त्याची नक्कल, निघतो आणि विषाणूचं एन्झाइम त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए बनवतं. नानांची गोळी, टेनोफोव्हिर, अडवते ती एवढीच पायरी. कड्याला ती हात लावत नाही. केळीतला लव्हाळा वरून खुरपला तरी गाठ खाली राहतेच ना, तसं. गोळी बंद केली की विषाणू उसळतो, क्वचित यकृतच निकामी होतं. एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या वेष्टनाचं प्रथिन, अजून पॉझिटिव्ह येतं, त्याचं कारणही हेच.

डोळे पिवळे नाहीत, यावर जाऊ नका. विषाणू स्वतः पेशी मारत नाही. त्याच्यामागे लागलेली आपलीच प्रतिकारशक्ती मारते, तेही वर्षानुवर्षं, गुपचूप. आणि आई, कावीळ उतरवणाऱ्याची माळ नको. काड्या वाळून गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, नाव माळेचं होतं. बीला ते लागू नाही.

गोळी ३०० मिलिग्रॅमची, रोज एक, ठरल्या वेळी. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ती मूत्रपिंडावर ताण आणू शकते, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) तपासत राहा. गुडघ्यात इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना बी असल्याचं सांगा. त्यातल्या स्टेरॉइडने हा विषाणू जागा होऊ शकतो. सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी, कारण यकृत आक्रसलेलं नसतानाही बीमुळे कॅन्सर होऊ शकतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे. जळगावला चौकशी करा.

आई, तू एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं) आणि अँटी-एचबीसी (कधी लागण झाली होती का, ते सांगणारी) या तिन्ही तपासण्या कर. तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लस: आज, एक महिन्याने, सहाव्या महिन्यात, दंडात, कमरेत नाही. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १० (mIU/mL) किंवा जास्त हवं. वयात लस कमी लागू पडते, म्हणून ही तपासणी टाळू नकोस. भांडी वेगळी नकोत, भरीत एकाच ताटात खा. पण ब्लेड, ब्रश, नेलकटर वेगळे. वाळलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवस टिकतो.

तुमची,
माई